वॉल्ट्झमध्ये घातलेली फुगडी

रेवा आणि निखिल,

लग्नानंतर मी मंडईजवळचं माहेर सोडून खडकवासल्याला निघाले, तेव्हा आई बसपर्यंत आली होती. तुमचे आजोबा तिथे लष्करी प्रबोधिनीत गणित शिकवत. बस सुटताना आई खिडकीशी येऊन म्हणाली, "तिथे बायका परपुरुषांबरोबर नाचतात म्हणे. तू नाचलीस, तर मी काही तुझ्या घरी पाऊल टाकायची नाही."

तुम्ही दोघं भावंडं विमानाने टोरांटोला गेलात. माझा प्रवास तासाभराचा, पण बसमध्ये मी रडत होते.

तिथे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बॉलरूमचे नाच होत. आजोबांनी स्वयंपाकघरातला स्टोव्ह बाजूला सरकवून मला वॉल्ट्झ शिकवला. रेवा, तुझ्या लग्नात तो नाचायचा आहे, म्हणून सांगते. तो मुळात ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या खेडुतांचा, जोडीने गिरक्या घेण्याचा नाच. दरबारी नाचांत हातांपुरताच स्पर्श असे. इथे माणसं एकमेकांना धरून फिरू लागली. तिथल्या आयांनीही तोंडाला पदर लावला असता, पदर असता तर! फॉक्सट्रॉट अमेरिकेतला, ऐटीत चालल्यासारखा. टँगो मात्र अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयर्सच्या बंदरातला, घर सोडून आलेल्यांच्या वस्त्यांमधला. मला तो ऐकूनच जवळचा वाटला.

पहिल्याच पार्टीत एका वयस्कर ब्रिगेडियरांनी मला नाचायला बोलावलं. नाही म्हणायची तिथे रीत नव्हती. गिरकी आली आणि माझं अंग सवयीने वागलं: पाय जुळवले, हात घट्ट धरले आणि सगळा भार मागे टाकला. ब्रिगेडियर पडता पडता सावरले.

"मॅडम, हा कुठला डान्स?"

"फुगडी, सर."

ते खो खो हसले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आम्हालाही शिकवा."

हे सगळं मी माहेरी जाऊन आईला सांगितलं. तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुला कुठे येते धड फुगडी? श्रावणात मी येते."

आली. पदर खोचून मेसच्या बायकांना घुमवलंन. संध्याकाळी तिने आमचा वॉल्ट्झ पाहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"फुगडीच आहे," ती म्हणाली. "फक्त विश्वास जरा कमी."

त्यानंतर ती दर श्रावणात येत राहिली.

आता आई नाही, आजोबाही नाहीत. मी पुण्यातच आहे, पण मंडईजवळच्या त्या घरात दुसरे लोक राहतात. तिकडून जाताना मी वर बघत नाही. घर कुठे, असं कोणी विचारलं, तर मला भिंती आठवत नाहीत. आईचे हात आठवतात. त्यांच्या भरवशावर मागे झुकताना मी कधी मागे पाहिलं नाही.

रेवा, वॉल्ट्झ ताठ नाच. आपला तोल आपण सांभाळ. परक्या गावात ते यायलाच हवं. नंतर मात्र सँडल काढ आणि माझ्यासमोर ये. माझे गुडघे कुरकुरतील, पण हात अजून घट्ट आहेत.

— आजी