मधातली चंदा

वलगावची चंदा म्हणजे आमच्या लेझीम पथकातली सगळ्यात ठेंगणी पोट्टी. घरचा भाजीचा मळा, माय बाजारात बसते, अन् ही अमरावतीच्या कॉलेजात सायन्सले. खुशालराव सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे तं रांगेत दिसतच नाही. काढा हिले."

"मी नाई निघत, सर. दिसत नसन तं वाकून पाहा!"

मंग सरांनी तिले चक्रीत टाकलं, मधात. चक्री म्हणजे आमी पोट्ट्या एका रांगेत, अन् ढोलावर अख्खी रांग घड्याळाच्या काट्यावानी फिरते. मधातलीनं जागेवर वळायचं, काठावरच्या पोट्ट्यांनी पळायचं, अन् एका काठाले होती माया. पण रांग दरवेळी विळ्यासारखी वाकडी! सर खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत, "माया, पळ नं वं!" माया बिचारी धापा टाके. मले असा राग ये! शेवटी सर चंदावरच घसरले, "अकोल्याच्या स्पर्धेआधी चक्री जमली नाही, तं तू घरी."

त्याच आठवड्यात वर्गात कोनीय वेग, म्हणजे वळायचा वेग, शिकवला. चाक फिरते तेव्हा आसाजवळच्या अन् काठावरच्या ठिपक्याचा कोनीय वेग एकच. चंदा उभी राहिली, "काठावरचा जास्त पळते, मंग वेग सारखा काहून?" सारा वर्ग हसला. चंदा काही खाली बसली नाही. उभ्याउभ्याच विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मायच्या गाठोड्याचा दोर घेऊन आली अन् आमच्या सगळ्यांच्या हाती दिला. म्हणे, "माया मागं नाही पडून राहिली वं, आपणच मधातल्या लवकर वळून राहिलो! पळाचं अंतर ज्याचं त्याचं, पण ठोक्याले वळाचं सगळ्याईनं सारखंच. माया जेवढी पळू शकते, तेवढंच मी वळीन."

ढोल वाजला. दोर ताठ, रांग सरळ! बापा, आमीच चाट पडलो.

अकोल्यात चक्री सुरू झाली अन् सरांच्या अंगात आलं. "चंदा, उचल! जोरात!" माया आधीच जीव तोडून पळत होती. चंदानं मानसुद्धा वळवली नाही. आपल्या चालीनं फिरली, अन् रांग शेवटपर्यंत सरळ राहिली. टाळ्या थांबेनात.

सर लालबुंद होऊन आले. "मी ओरडून राहिलो, ऐकू नाही आलं तुले?"

"आलं नं, सर," चंदा म्हणाली. "पण रांग फिरवून तं मी राहिली होती."