काठोकाठ भरलेली घागर
झाकणावरचा दगड काढला आणि घागरीतून असा कुजका वास आला की मला तिथेच ओकारी आली. भाताच्या बांधीतल्या घोंग्यांनी, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायींनी, पोटातली माती टाकावी म्हणून सासूने ते रात्रभर पाण्यात ठेवले होते. पळू नयेत म्हणून घागर काठोकाठ भरून झाकली. घोंगा नळी वर काढून हवा घेतो, पण वर जागाच नव्हती. सगळे गुदमरून मेले होते, शंखाबाहेर लिबलिबीत लोंबत होते. मी फेकायला निघाले तर सासू म्हणाली, "काऊन फेकून राहिली वो? उकळलं का सारं चालते." तिने एकटीनेच रस्सा ओरपला आणि दुपारपासून अंगणभर ओकत, हगत राहिली. इतक्या वर्षांनी काल माझ्या नातीने मोबाईलवर समुद्रातला शंखवाला प्राणी दाखवला, श्वासाचंच पाणी नळीने फेकत पोहणारा; तोच वास नाकात भरला. सासू तेव्हा त्या हगवणीतून वाचली नाही. मी खाल्लं नव्हतं, मी वाचले.