आत्तींची तालीम

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्यांचं माहेर नेसरीचं, तिकडं असंच म्हणतात. साखर त्यांना जुनीच होती, दमाही होता. तरी गोळ्या घेत, पथ्य अर्धंमुर्धं पाळत त्यांचं मजेत चाललेलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका पावसाळ्यात मात्र त्यांना न्यूमोनिया झाला आणि बरेच दिवस दवाखान्यात पडून राहावं लागलं. घरी आल्या तेव्हा पाय नुसते काटक्यांसारखे झाले होते.

एका दुपारी त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. निवडून झाली आणि उठताच येईना. मी काखेत हात घालून ओढायला गेले, तर मीच त्यांच्या शेजारी आपटले. मेथीच्या काड्यांत बसून दोघी हसत सुटलो. शेवटी शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी आम्हाला उठवलं. पण संध्याकाळी आत्तींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"आता मी वझंच की तुमच्यावर," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासलं. "साखर ठीक आहे. मांड्यांतली ताकद गेलीय. आराम पुरे झाला," म्हणाले, आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीला घरी पाठवलं. तिनं आत्तींना खुर्चीत बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि म्हणाली, "आता हात न टेकता उठायचं, परत सावकाश बसायचं."

"हे शिकायला कॉलेजात गेलतीस व्हय?"

"व्हय की, आज्जी. उठून दाखवा बघू."

आत्तींना उठता आलं नाही. ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची मालिका लागली, की जाहिरातींत आत्तींची उठबस सुरू. दम लागला की थांबायच्या. कधी कधी "आज पाय ऐकत न्हाईत," म्हणून सरळ आडव्या व्हायच्या. मी जुन्या साडीच्या पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली. त्या पायाला बांधून आत्ती पाय वर-खाली करायच्या. बघून बघून शेजारच्या काकूही आपली खुर्ची घेऊन यायला लागल्या, मागोमाग त्यांची जाऊ. आमचे हे कामावरून लवकर आले, तर त्यांना चहा दारातच उभ्यानं प्यावा लागे.

दम्याचा पंप सुटला नाही, साखरही गेली नाही. पण दिवाळीनंतर आत्ती न्हाणीघरात एकट्या जायला लागल्या, आणि मग खाली बसून भाकरी थापून आपल्या आपण उठायलाही लागल्या.

उन्हाळ्यात नेसरीला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आम्ही दोघी एसटीनं निघालो. गाडीची पहिली पायरी चांगलीच उंच. कंडक्टरनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. तू तिकिटं फाड," आत्ती म्हणाल्या आणि दांडा धरून चढल्या.

लग्न उरकून मी परतले. आत्ती दोन दिवसांनी येणार होत्या. त्याऐवजी तिकडून फोन आला.

"मी काय इतक्यात येत न्हाय. इथं लग्नामागचं लई काम पडलंय, माझ्याबिगर अडतंय."

"आणि गोळ्या?"

"हायत की. मोजत बसू नकोस," म्हणाल्या आणि फोन ठेवला.