काठी ओली, काठी कोरडी

आमच्या ह्यांच्याशी गाडी बोलते. मी नाही हो, हेच सांगतात. बायको बोलली तर कटकट, आणि गाडी बोलली तर हे कान लावून ऐकणार. चौतीस वर्षं कंपनीची बस चालवली, एकदाही कुणाला धक्का नाही, म्हणून आमच्या लालबागच्या चाळीत दगडूमामा म्हणजे गाडीतला शेवटचा शब्द. घरात तो मान मला, असं मी समजत होते.

ह्यांची एक सवय आहे. सकाळी स्टार्टर मारण्याआधी बॉनेट उघडायचं, ऑइलची काठी काढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, काढून उजेडात बघायची. "ऑइल निजलेलं असताना बघायचं, लक्ष्मी," म्हणायचे. "जागं झालं की खोटं बोलतं." एवढं मोठं तत्त्वज्ञान मी बेसिनवर दात घासताना ऐकायचे.

रिटायर झाल्यावर फणसवाडीतल्या शशिकांत डॉक्टरांची गाडी चालवायला लागले. डॉक्टरांनी हौसेने परदेशातून जुनी घरगाडी मागवलेली. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. डॉक्टर आता मुलीकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, "दगडू, वडाळ्याला पडून सडण्यापेक्षा तू फिरव." मी कपाळावर हात मारला. दोनशे फुटांच्या खोलीत राहणाऱ्याने घरगाडी सांभाळायची!

पण माघात माझं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती गाडी मला देवासारखी वाटायला लागली. मला तासभरही बसवत नव्हतं. आणि देवरुखला माझी मोठी बहीण मीराबाई, तिचं सगळं हळूहळू विसरायला लागलं होतं. फोनवर विचारायची, "लक्षू, कधी येतंस गो?" आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. तिथले तिचे डॉक्टर म्हणाले, ओळखतेय तोवर भेटून घ्या. गाडीतल्या पलंगावर आडवी होऊन मी जाऊ शकत होते. मला दुसरं काही नको होतं. तिने मला माझ्या नावाने हाक मारावी, बस.

निघण्याआधी माझ्या नणंदेचा मुलगा लवू, प्रभादेवीला गॅरेज आहे त्याचं, त्याने गाडीचं सगळं काम केलं. ह्या गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि त्या गिअरबॉक्सचं वेगळं तांबडं ऑइल. लवूने ते नवीन भरलं, ते किती तापलं ते दाखवणारं एक मीटरही आणलं होतं. निघायच्या सकाळी ह्यांनी गिअरबॉक्सची काठी काढली आणि ओरडले, "अरे, हा पोरगा काय आंधळा आहे? खुणेच्या दोन बोटं वर ऑइल!" लवूला फोन लावून असा झाडला की मलाच लाज वाटली. तो "मामा, ऐका तरी" म्हणत होता. ह्यांनी फोन ठेवला, त्याचं मीटर परत पाठवलं, आणि गाडीखाली शिरून दोन लिटर ऑइल काढून टाकलं. काठी बरोब्बर खुणेवर आली. हे खूश.

कर्नाळ्याच्या चढावर गाडी थांबली.

थांबली म्हणजे कशी, तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. जळका वास. इंजिनाचा काटा मात्र जागेवर, गार. हे खाली उतरले, काठी बघितली. खुणेवर. पाणी बघितलं. भरलेलं. अर्धा तास उभे राहिलो, गाडी गार झाली आणि शहाण्यासारखी चालायला लागली. हे म्हणाले, परत जाऊ. गेलो.

मग महिनाभर ह्यांनी रेडिएटर धुतला, पंखा बदलला, पट्टा बदलला. शेजारच्या मानसीने सुचवलं म्हणून नारळही फोडला. रोज सकाळी काठी. रोज खुणेवर. चैत्रात पुन्हा निघालो आणि सुकेळी खिंडीत तसंच. हे रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसले. "सगळं बरोबर आहे गं. मग बिघडलंय काय?" मला काय विचारता? मी पलंगावर पडलेली बाई! त्या रात्री मीराबाईला फोन केला तर म्हणाली, "कोण बोलतंय?" मी लक्षू म्हटल्यावर आठवली, पण मधे जो वेळ गेला तो मला सहन झाला नाही.

वैशाखात तिसऱ्यांदा. उन्हाने गाडीचा पत्रा तव्यासारखा. सुकेळी खिंडीच्या अलीकडेच वास सुटला आणि ह्यांनी गाडी बाजूला घेतली. किल्लीकडे हात गेला तशी मी ओरडले, "बंद करू नका! पंखा बंद होतो, मी उकडून मरेन इथे!"

"अगं, काठी बघायचीय."

"चालू ठेवून बघा! नाहीतर मला चितेवरच ठेवा, एकदाच काय ते उरकेल!"

मला घाबरून म्हणा, वैतागून म्हणा, ह्यांनी चालू इंजिनातच काठी काढली. मग खिडकीशी आले, काठी माझ्यापुढे धरली. कोरडी ठाक. सकाळी तर खुणेवर होतं. खाली वाकून बघितलं, एक थेंब सांडलेला नाही. इंजिन बंद केलं, थोडं थांबून काठी घातली. ओली, खुणेवर. चालू केलं. कोरडी. बंद केलं. ओली. चार वेळा केलं माणसाने! घामाने निथळत होते, आणि डोळे असे, जणू जन्माची बायको समोर उभी आहे आणि नाव आठवत नाही.

शेवटी मीच लवूला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मामी, ह्या गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालू असतानाच बघायचं असतं. बंद केलं की सगळं खाली उतरतं आणि काठीला जास्त दिसतं. तेच तर सांगत होतो मामांना." फोन स्पीकरवर होता. हे ऐकत होते.

लवू तीन तास बाइक हाकत आला. ऑइल भरलं, चालू इंजिनात मोजलं. मीटर लावलं, पण वायर पुढपर्यंत पुरेना, म्हणून माझ्या उशाशी लटकवलं. "मामी, शंभरच्या वर गेलं की गाडी थांबवायला सांगा. चढावर मामा खालच्या गिअरमध्ये घेतील. नशीब, गिअरबॉक्स पुरता जळला नाही." हे त्याला म्हणाले, "तुझं बरोबर होतं." एवढंच, पण मी लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकलं नव्हतं.

परशुराम घाटात मी पडल्या पडल्या आकडे वाचत होते. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. हे पुढून "किती?" विचारत होते आणि मी सांगेन ते ऐकत होते. गाडी एकदाही अडली नाही. गाडी इतकी सरळ चालते हे बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रागच आला. पहिल्याच खेपेला ही अशी चालली असती.

देवरुखला मीराबाई ओटीवर बसली होती. वॉकर टेकत मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, पाहुण्यांकडे बघतात तसं. "या, बसा," म्हणाली. "लांबून आलात?"

मी म्हटलं, "मीराताई, मी लक्षू."

"लक्षू मुंबईला असते," ती म्हणाली. "तिला सवड नाही."

मी मागे वळून बघितलं. हे माझी पिशवी हातात घेऊन पायरीवर उभे होते आणि सगळं ऐकलं होतं. इतके दिवस मी ठरवून ठेवलं होतं, पोचल्यावर ह्यांना काय काय सुनवायचं ते. ते सगळं तिथंच राहिलं.

मीराबाईने ह्यांना बघितलं आणि हसली. "बाई, तुमच्या ड्रायव्हरला पण चहा देते हो. दमलाय बिचारा."

मी "हे माझे मालक" म्हणणार होते. ह्यांनी हातानेच मला थांबवलं, पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि ड्रायव्हर बसतो तसे खालच्या पायरीवर बसले. मीराबाईच्या सुनेने कप आणून दिला तो दोन्ही हातांनी घेतला. वर येऊन बसा म्हटलं तरी आले नाहीत.