सुटणारी मोळी

आष्टीकडच्या आमच्या गावातून ऊसतोडीचा ट्रक निघाला, त्या सकाळी मी त्यात चढून बसलेही होते. मांडीवर भांड्यांचं बोचकं, शेजारी दादा. तेवढ्यात बापूंनी मला काखेत धरून खाली उतरवलं, हंगामी वसतिगृहाच्या सरांच्या हवाली केलं आणि ट्रक गेला. दादाने मागे वळूनही पाहिलं नाही. काही पोरं दरवर्षी अशी गावात राहत, त्यात नवल नव्हतं. पण दोघांतली मीच का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनाही सांगते, उत्तर मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आम्ही दोघं सातवीत, एकाच वर्गात. दादा वर्षाने मोठा, पण हंगामापायी मागे पडलेला. ट्रक यायच्या आदल्या दिवशी त्याच सरांनी वर्गात इंग्रजीत भाषांतराला तुलनेची वाक्यं घातली. 'तो माझ्यापेक्षा उंच आहे.' मी शेवटी 'दॅन आय' लिहिलं, दादाने 'दॅन मी'. सरांनी त्याच्या वहीत लाल फुली मारली. शाळा सुटल्यावर सर आणि बापू फाटकापाशी हळू आवाजात बोलत होते. मी दुरून पाहिलं आणि मनात पक्कं केलं, त्या फुलीनेच दादाला उसात धाडलं.

पुढे बीड, मग पुणे. आता इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपसाठी मी प्रश्न तयार करते. एसी, हेडफोन, डेडलाइन, सगळं आहे. मागे एकदा नेमका तसाच प्रश्न आला. मी सवयीने 'दॅन आय'वर टिक केली. आमची सीनियर म्हणाली, "दोन्ही चालतं गं. बोलताना तर सगळे 'दॅन मी'च म्हणतात."

मग ती फुली मुद्दाम मारली होती का? सरांचा संशय आला, बापूंचा आला, दादाचाही आला. पाहुण्यांसमोर तो माझ्याबद्दल "आमची माई माझ्यापरीस लई हुशार" म्हणतो, ते कौतुक की टोमणा? फोन दोन वाक्यांत का आटोपतो? त्याच्या साध्या "जेवलीस का"मध्येही मला काहीतरी लपलेलं दिसायला लागलं.

दिवाळीला गेले तेव्हा दादा कोयत्याला धार लावत होता. मी बापूंना सरळ विचारलं, "त्या दिवशी सर काय म्हणले होते? हुशार हाय तिला ठेवा, असंच ना?"

आई चुलीपासून म्हणाली, "सर म्हनले, दोघांलाबी ठिवा. दोघंबी शिकतेल."

"मग दादाला कावून नेलं?"

"एक तरी हाताखाली लागत होतं. तुझी मोळी सुटायची, बाई."

तेव्हा आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी मीही उसात गेले होते. उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला पिळून त्याने मोळी बांधायची असते. माझी मोळी ट्रकच्या फळीवर चढताना आईच्या डोक्यावरच सुटायची. ऊस खाली, वर मागच्यांच्या शिव्या. दादाने बांधलेली एकही सुटली नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मी सरस ठरले म्हणून राहिले. सरस तो ठरला होता, म्हणून गेला. मला लाज वाटली आणि बापूंचा रागही आला.

"तुला राग येत न्हाई का रे?" मी दादाला विचारलं.

"येतो की," तो कोयत्यावरून नजर न काढता म्हणाला. "पर तुझा न्हाई."

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, हा संशय अजून गेलेला नाही. एसटीवर सोडायला आला तेव्हा त्याने बाजरीच्या पिशवीचं तोंड सुतळीने बांधून दिलं. पुण्यात ती गाठ मला सुटेना. रूममेटने कात्री पुढे केली, मी घेतली नाही. अर्धा तास फरशीवर बसून नखांनी ती गाठ सोडवली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी आष्टी सांगते. डोळ्यांसमोर मात्र दादाचे हात येतात. त्या हातांनी बांधलेल्या मोळ्याही माझ्यासारख्या सुटल्या असत्या, तर त्या सकाळी कदाचित माझ्या जागी तो खाली उभा असता.