आईनं टाकलेला शब्द

मी बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि शब्दाचं मूळ सांगायला लागले की मला कुणी अडवलेलं खपत नाही. एकदा शेळगावला आईपुढंच सुरू झाले. 'यातना' म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. संस्कृतात ती पापाची शिक्षा, यमाच्या दारी भोगायचे हाल. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. म्हणाली, "तुझ्या आज्यानं धम्म घेतला तवाच यम न् नरक घराबाहेर काढला. मग त्यांचा शब्द कशाला ठिवायचा?" आणि बोलल्याप्रमाणं तिनं तो टाकला. मला कोण कौतुक वाटलं!

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. तीन दिवस "जरा दुखतंय" म्हणत ती रानात भेंडी तोडत राहिली. चौथ्या दिवशी मीच गाडी घेऊन गेले आणि तिला बारामतीला दवाखान्यात आणलं. डॉक्टर भला माणूस. पोट दाबून त्यानं विचारलं, "आजी, फार यातना होतायत का?"

"न्हाय वो. जरा दुखतंय."

तो गोळ्या लिहायला लागला. आईनं पदर दातात धरला होता, कपाळावर घाम डवरला होता. माझं डोकंच फिरलं. "आये, खरं का सांगत न्हाईस?"

"यातना व्हायला मी कुणाचं काय वाकडं केलंय?" ती म्हणाली. "तूच सांगितलं हुतंस की."

मी डॉक्टरला म्हटलं, "थांबा. हिचं 'जरा' खरं धरू नका. ही जीव देईल, पण 'हो' म्हणणार नाही." सोनोग्राफी केली, तर अपेंडिक्स फुटायच्या बेतात! दुपारीच ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. मी तिचा हात धरला. "आये, चुकलं माझं. मूळ कसलं का असंना, आता फार दुखलं की माणसं तोच शब्द म्हणतात. त्यात पापबिप काही नाही गं." मला रडू आवरेना.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वर्गातल्या पोरींना बी ह्येच सांगितलंयस व्हय?"

"दरवर्षी," मी म्हटलं. "माझ्या आईनं शब्द टाकला, तुम्हीपण टाका, म्हणून."

तिनं हात सोडवून घेतला.

"मग हितं काय रडत बसलीस? जा कॉलेजात."