गोरेगावचा क्लास मोडला तेव्हा

हिंगोलीकडच्या गोरेगावात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत प्रियदर्शनी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. लग्न मोडून माहेरी आल्यावर तिनं तो काढला होता.

नवीन पोरं पडद्यालाच कॉम्प्युटर समजायची. म्हणून पहिल्या दिवशी ती शेजारचा डबा उघडून दाखवायची. हा मदरबोर्ड, सगळे भाग यालाच जोडलेले. पंख्याखाली प्रोसेसर, सगळं काम करणारा तोच. ही पट्टी म्हणजे रॅम. चालू काम हिच्यावर राहतं आणि लाईट गेली की पुसलं जातं. म्हणून सेव्ह करायचं. मग ते हार्ड डिस्कवर उतरतं, मशीन बंद केलं तरी राहतं. गोरेगावात लाईट सारखी जायची, त्यामुळं हे पोरांना लवकर कळायचं.

पुढं घरोघरी मोबाईल आले. ज्यांना सर्टिफिकेट पाहिजे ती पोरं हिंगोलीला जायला लागली. शेवटी तांड्यावरची मनकर्णा एकटी उरली. पेरणी लागली तशी तीही यायची थांबली.

दुकानदाराला खोली खत ठेवायला हवी होती. त्यानं नरमाईनंच सांगितलं. प्रियदर्शनीनं सेनगावहून प्रेमदास भंगारवाल्याला बोलावलं.

प्रेमदास खोलीतच डबे खोलत बसला. वायरींचा झुपका असलेली एक चौकोनी पेटी उचलून त्यानं विचारलं, हे काय आहे. ती सवयीनं समजावायला लागली. हा पॉवर सप्लाय, भिंतीतला करंट आतल्या भागांना सोसत नाही, तो कमी करून हा पुढं देतो. प्रेमदासनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, ते काय काम करतं ते राहू द्या," तो म्हणाला. "आत तांबं हाय का, तेवढं सांगा."

"हाय," ती म्हणाली.

मग तो एकेक भाग वर धरत गेला आणि ती धातू सांगत गेली. प्रोसेसरवरचा ठोकळा ॲल्युमिनियमचा. डबा लोखंडाचा. रॅमची पट्टी त्याच्या हातात दिसली तेव्हा ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. त्यानंही विचारलं नाही. पट्टी पोत्यात गेली.

टेम्पो गेल्यावर तिनं खोली झाडली, किल्ली खाली देऊन घरी आली. आईनं विचारलं, सगळं गेलं का. व्हय म्हणून ती पाटावर बसली आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली.

आता ती भावाच्या किराणा दुकानात बसते. कामाला चोख आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढते आणि मागं पोत्यांवर पडून राहते. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला उठत नाही.